ब्रेकडाउन कव्हरचं रिन्यूअल: जुन्या गिऱ्हाइकाने पत्र आल्यावर काय करायचं

ब्रेकडाउन कव्हर म्हणजे गाडी बंद पडली तर मदतीला कुणी यावं म्हणून दरवर्षी पैसे भरून घेतलेलं संरक्षण. ते संपायच्या तीनेक आठवडे आधी ईमेल येतो. वर नाव, गाडीचा नंबर, मग एक गोड वाक्य: तुम्ही इतकी वर्षं आमच्यासोबत आहात, आभार. त्याखाली दुसरं वाक्य: तुम्हाला काहीच करायची गरज नाही, रिन्यूअल आपोआप होईल. ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे जर कुठल्या वाक्यापायी जात असतील, तर ते हेच.

बऱ्याच जणांची समजूत असते की जुन्या गिऱ्हाइकाला जास्त भाव लावणं आता बेकायदेशीर आहे. ही समजूत अर्धी खरी आहे. विमा आणि बँकांवर देखरेख करणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने, म्हणजे एफसीएने, १ जानेवारी २०२२ पासून नियम केला की रिन्यूअलचा भाव तीच पॉलिसी त्याच मार्गाने घेणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाच्या भावापेक्षा जास्त असता कामा नये. पण हा नियम घराच्या आणि मोटारीच्या विम्याला आहे. वेगळं घेतलेलं ब्रेकडाउन कव्हर त्यात बसत नाही. मोटार विम्यासोबत ऍड-ऑन म्हणून घेतलेलं कव्हर त्या नियमाखाली येतं. स्वतंत्र मेंबरशिप असेल तर दरवर्षी भाव थोडाथोडा चढवत न्यायला कुणी अडवलेलं नाही. २०१८ साली लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने याच दुखण्यावर मोठी तक्रार नोंदवली, तेव्हाही तिच्यात मोबाइल, ब्रॉडबँड, बचत खातं, घराचा विमा आणि गृहकर्ज एवढेच पाच बाजार होते. ब्रेकडाउन तेव्हाही बाहेर आणि आजही बाहेर.

दोन नियम मात्र ब्रेकडाउन कव्हरलाही लागू आहेत आणि ते आपल्या कामाचे आहेत. एक, एप्रिल २०१७ पासून रिन्यूअलच्या पत्रात गेल्या वर्षीची रक्कम यंदाच्या रकमेशेजारी छापावी लागते, आणि सलग चार किंवा जास्त वेळा रिन्यू केलं असेल तर ‘दुसरीकडेही भाव बघा’ अशी स्पष्ट सूचना द्यावी लागते. दुसरा, ऑटो-रिन्यूअल बंद करायचे सोपे मार्ग ठेवावे लागतात. पहिल्या नियमामुळे पत्र कुठे वाचायचं ते कळतं: गोड वाक्य सोडा, दोन आकडे शोधा. गेल्या वर्षीचा आकडा एखाद्या परिच्छेदाच्या पोटात असतो, ठळक अक्षरात बहुधा फक्त यंदाचा.

समजण्यापुरते आकडे घेऊ. पहिल्या वर्षी ९० पौंड, मग ११८, १३९, १६०, आणि यंदा १८५. एकेका उडीकडे बघून कुणी फोन उचलत नाही, आणि उड्या तशाच ठेवलेल्या असतात. म्हणून गेल्या वर्षीशी तुलना करून थांबू नका, पहिल्या वर्षीची पावती ईमेलमध्ये शोधून काढा. फोनवर ‘करांमुळे वाढलं’ असं कुणी म्हणालं तर हे माहीत असू द्या: विम्यावरचा कर, इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स, १ जून २०१७ पासून १२ टक्केच आहे. मजुरी, डिझेल, गाड्यांचे सुटे भाग महागले हे खरं आहे, पण ते नव्या गिऱ्हाइकासाठीही तितकेच महागले.

आता भाव बघायला लगेच वेबसाइट उघडू नका. आधी आपल्याकडे नक्की काय आहे ते कागदावर उतरवा, कारण पुढची सगळी चूक इथेच होते. कंपन्या कव्हर तुकड्यातुकड्यांनी विकतात आणि प्रत्येकीची नावं वेगळी. तुकडे साधारण असे:

पहिला रोडसाइड. रस्त्यात गाडी बंद पडली की मेकॅनिक येतो, तिथेच दुरुस्त होत असेल तर करतो. नाही झालं तर जवळच्या गॅरेजपर्यंत नेतो, बहुतेक ठिकाणी दहा मैलांच्या आसपास. त्यापुढचे मैल तुमच्या खिशातून.

दुसरा होम स्टार्ट, काही ठिकाणी ‘ॲट होम’. मूळ रोडसाइडमध्ये घरापासून पाव मैलाच्या आतलं काहीच धरत नाहीत. ड्राइव्हवेमध्ये गाडी सुरू झाली नाही तर कव्हर असूनही मदत मिळत नाही, किंवा जागेवर वेगळे पैसे मागतात. आपल्या लोकांनी पैसे वाचवायला हा तुकडा काढू नये असं माझं ठाम मत आहे. डिसेंबरात चार-पाच आठवडे भारतात जायचं, गाडी थंडीत दारात उभी, अलार्म आणि ट्रॅकर बॅटरी पीत बसलेले. परत आल्यावर सोमवारी सकाळी बारा व्होल्टची बॅटरी मेलेली असते, आणि ती घराच्या दारातच मेलेली असते. (हीच गाडी हीथ्रो विमानतळाच्या लाँग स्टे पार्किंगमध्ये ठेवली असती तर रोडसाइडमध्ये बसली असती.) इलेक्ट्रिक गाडीलाही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, तिचीही तीच तऱ्हा.

तिसरा रिकव्हरी. लेस्टरहून लेक डिस्ट्रिक्टला निघालात आणि पेनरिथजवळ क्लच गेला, तर गाडी आणि माणसं घरापर्यंत, म्हणजे जवळपास दोनशे मैल, आणून सोडायची जबाबदारी यात येते. शहराबाहेर न जाणाऱ्या दुसऱ्या गाडीला याची गरज नसते. सुट्टीत स्कॉटलंड-वेल्स पालथं घालणाऱ्याला हा तुकडा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा.

चौथा ऑनवर्ड ट्रॅव्हल: गाडी त्या दिवशी दुरुस्त होत नसेल तर दोन-तीन दिवस भाड्याची गाडी, किंवा हॉटेल, किंवा रेल्वेचं तिकीट. ऐकायला छान आहे. पण भाड्याच्या गाडीला भाडेकंपनीच्या अटी लागतात: वयाची अट, मूळ लायसन्स, डिपॉझिटला क्रेडिट कार्ड. ऑटोमॅटिक मिळेलच असं नाही, लहान मुलाची सीट तर नाहीच समजा. नुसत्या ऑटोमॅटिकचं लायसन्स असलेल्यांनी हा तुकडा घेण्याआधी अटी नीट वाचाव्यात.

पाचवा युरोप. वर्षातून एकदाच फेरीबोटीने फ्रान्सला जाणार असाल तर वर्षभराचं युरोप कव्हर रिन्यूअलमधून काढा आणि त्या सहलीपुरतं घ्या. फ्रान्सच्या टोल महामार्गावर तुमची कंपनी थेट माणूस पाठवू शकत नाही. केशरी एसओएस फोनवरून तिथल्या अधिकृत टोइंगवाल्याला बोलवायचं, पैसे भरायचे, पावती जपायची आणि नंतर कंपनीकडून मागायचे.

याशिवाय एक मोठा फाटा: कव्हर माणसाचं आहे की गाडीचं? माणसाचं असेल तर तुम्ही ज्या गाडीत बसलात ती कव्हर होते, मित्राचीसुद्धा. गाडीचं असेल तर ती गाडी, चालवणारा कुणीही. एकच गाडी आणि चालवणारे नवरा-बायको दोघं, अशा घरांत वर्षानुवर्षं दोघांची जोड-मेंबरशिप चालू असते, जिथे एका गाडीचं कव्हर पुरलं असतं. उलटंही होतं. माणसाचं कव्हर असेल आणि भारतातून आलेले वडील, विम्यात नाव घालून का होईना, एकटेच गाडी घेऊन गेले आणि ती बंद पडली, तर कव्हर घरी सोफ्यावर बसलेलं असतं.

हे सगळं उतरवलं की मग कोट, म्हणजे कंपनी सांगेल तो भाव, काढायचे. पहिला कोट आपल्याच कंपनीचा, नवं गिऱ्हाईक म्हणून. ब्राउझरची खाजगी विंडो उघडा, लॉग-इन करू नका, आणि आपल्याकडे आहेत तेच तुकडे निवडा. इथे तीन खड्डे आहेत. ठळक अक्षरातला ‘अमुक पौंडांपासून’ हा भाव नुसत्या रोडसाइडचा आणि एका गाडीचा असतो. तुमचं कव्हर माणसाचं असेल तर आधी तो पर्याय बदला. दुसरा खड्डा हप्त्याचा: महिन्याचा भाव बाराने गुणून बघा, वर्षाच्या एकरकमी भावापेक्षा तो बहुधा जास्त निघतो. तिसरा, पहिल्या वर्षाची सवलत. नव्या कोटमध्ये ती असणारच, ती लपवायची गरज नाही, उलट तोच आपला मुद्दा आहे. पैसे भरायच्या आधीच्या पानावर थांबा, तुकड्यांच्या यादीसकट स्क्रीनशॉट घ्या. तारीख दिसू द्या.

मग दोन बाहेरचे कोट. एए, आरएसी आणि ग्रीन फ्लॅग ही नावं सगळ्यांना माहीत असतात. एए आणि आरएसी यांच्या स्वतःच्या गस्ती गाड्या आहेत. ग्रीन फ्लॅग मुख्यतः स्थानिक गॅरेजवाल्यांच्या जाळ्यातून काम करते. तुलनेच्या साइटवर याहून स्वस्त, कधी न ऐकलेली नावं दिसतात. त्यात एक प्रकार असा असतो की आधी तुम्ही टोइंगवाल्याला पैसे द्यायचे आणि नंतर पावती लावून मागायचे. कार्डात शिल्लक असेल त्याला चालेल, रात्री अकराला मुलांना घेऊन एम-वन महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्याला नाही. काही स्वस्त पॉलिसी ठरावीक वयापलीकडची गाडी घेत नाहीत, काही वर्षातल्या कॉल-आउटची, म्हणजे मदतीला बोलावण्याची, संख्या बांधून देतात. स्पेअर व्हील नसेल, चुकीचं इंधन भरलं असेल, किल्ली गाडीत अडकली असेल, तर काय होतं, ते पॉलिसीच्या पीडीएफमध्ये शोधून बघा. स्वस्त आणि महाग यांतला फरक बराचसा तिथेच असतो. हल्ली पुष्कळ गाड्यांना कारखान्यातूनच स्पेअर व्हील येत नाही, फक्त सीलंटची बाटली येते, आणि टायर बाजूने फाटला की ती बाटली निरुपयोगी.

कव्हर फुकट आधीच मिळालेलं आहे का तेही आताच तपासा. नव्या गाडीसोबत कंपनीची रोडसाइड मदत येते, आणि पुष्कळ ब्रँड डीलरकडे सर्व्हिसिंग केलं की ती पुढे एकेक वर्ष वाढवून देतात. सर्व्हिसच्या बिलात एका ओळीत ते लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. पैसे देऊन चालवायच्या काही बँक खात्यांतही ब्रेकडाउन कव्हर असतं. उदाहरणार्थ, नेशनवाइडच्या फ्लेक्सप्लस खात्यामध्ये ब्रिटन आणि युरोप दोन्हीचं येतं. अशा खात्याची महिन्याची फी आधीच जात असेल आणि शेजारी मेंबरशिपही चालू असेल, तर एकाच कामाचे दोनदा पैसे जात आहेत. मोटार विम्यातलं ऍड-ऑन बहुधा सगळ्यात स्वस्त पडतं. अडचण एवढीच की विमा बदलला की कव्हरही जातं, आणि ते बहुधा त्या एका गाडीचंच असतं.

आता फोन. चॅटवर काम होत नाही असं नाही, पण भाव कमी करायचा अधिकार असलेली माणसं फोनवरच्या एका ठरावीक विभागात असतात, आणि तिथे जायचा दरवाजा म्हणजे मेनूतला ‘मेंबरशिप रद्द करायची आहे’ हा पर्याय. ‘रिन्यूअल’ निवडलं तर कार्डाचा नंबर विचारणारा माणूस मिळतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी फोन लवकर लागतो. बर्फ पडलेल्या दिवशी अजिबात करू नका.

सुरुवात अशी करावी: ‘माझं रिन्यूअल १८५ आलंय. तुमच्याच वेबसाइटवर नव्या गिऱ्हाइकाला हेच कव्हर ९९ ला आहे, स्क्रीनशॉट समोर आहे. मला राहायचंय, पण या भावाला नाही.’ एवढं बोलून गप्प बसायचं. समोरची व्यक्ती आधी म्हणते की तो भाव फक्त नव्या लोकांसाठी आहे. उत्तर एकच: ‘माहीत आहे. म्हणूनच फोन केलाय.’ पहिला खाली आलेला आकडा क्वचितच शेवटचा असतो. १८५ वरून १५० सांगतील. मग बाहेरच्या कंपनीचा कोट नावासकट सांगायचा. इथे बहुतेक वेळा एक युक्ती येते: भाव तोच ठेवून ऑनवर्ड ट्रॅव्हल किंवा युरोप ‘फुकट’ जोडून देतात. ते नको म्हणा. पुढच्या वर्षी त्या फुकट तुकड्याचे पैसे लागतात आणि तुमचा मूळ आकडा फुगलेला राहतो. उलट, नको असलेला तुकडा काढायला सांगून भाव किती उतरतो ते विचारा. ‘मी मॅनेजरला विचारून येते’ म्हणून होल्डवर टाकलं की कामाचं लक्षण समजा.

भाव ठरला की तीन गोष्टी फोन ठेवायच्या आत: नवा आकडा करासकट आहे ना, आहेत ते तुकडे एकेक नाव घेऊन वाचून दाखवा म्हणावं, आणि ऑटो-रिन्यूअल बंद करा. सुधारित कागद ईमेलवर आल्याशिवाय काम झालं असं धरू नका. फोनवर ठरलेला भाव सिस्टीममध्ये चढलाच नाही आणि कार्डातून जुनीच रक्कम गेली, हा प्रकार सर्रास होतो. तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं पहिलं नाव लिहून ठेवलं असेल तर दुसऱ्या फोनवर पाच मिनिटांत निस्तरतं.

भाव नाहीच उतरला तर निघायचं. मोटार विम्यासारखा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) ब्रेकडाउन कव्हरला सहसा नसतो, त्यामुळे निघून गेल्याने फारसं काही गमवावं लागत नाही. मोठा तोटा एकाच ठिकाणी होऊ शकतो, आणि तो तारखेत. बऱ्याच कंपन्यांमध्ये नवं कव्हर घेतल्यापासून पहिले २४ तास मदत मिळत नाही, म्हणजे रस्त्यात बंद पडल्यावर लोकांनी तिथूनच मेंबर होऊ नये. तसं झालंच तर जास्तीचे पैसे घेतात. म्हणून नवं कव्हर जुनं संपायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होईल असं घ्या. त्या एका दिवसाचे दुहेरी पैसे गेले तरी चालतील. आधीपासून असलेला बिघाडही नवी कंपनी धरत नाही. इंजिनचा दिवा लागलेला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, मग कंपनी बदला.

नवरा-बायकोत मेंबरशिप आलटून पालटून घ्यायची जुनी युक्ती आहे: यंदा तिच्या नावावर, पुढे त्याच्या. गाडीचं कव्हर असेल तर ती चालते, माणसाचं असेल तर जास्त गाडी चालवणाऱ्याचं नाव सुटेल. काही कंपन्या एकाच पत्त्यावरून लगेच परत आलेल्याला नवा भाव देत नाहीत, तशी अट ऑफरच्या बारीक अक्षरांत असते. कॅशबॅकच्या साइटवरून घेतलं तर भाव आणखी उतरतो, पण ते पैसे महिन्यांनी येतात, आणि कधी येतच नाहीत. कॅशबॅक वजा न करता कोट परवडत असेल तरच घ्या.

जुनं कव्हर नुसतं डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी, बंद करून संपत नाही. आधी कंपनीला लेखी कळवा, मग बँकेत हात घाला. कार्डवर चालणारं ऑटो-रिन्यूअल त्याहून चिवट असतं. कार्ड हरवून नवं आलं तरी पैसे कापले जाऊ शकतात, कारण परवानगी नंबरपुरती नसते. अशी परवानगी बंद करा असं बँकेला थेट सांगता येतं आणि बँकेने ते ऐकलंच पाहिजे, ‘आधी कंपनीशी बोला’ म्हणून परत पाठवता येत नाही.

आणि पत्र स्पॅममध्ये गेलं, पैसे कापले गेले, मग जाग आली, तर? रिन्यूअलनंतरही १४ दिवसांची मुदत असते. त्यात मदत घेतलेली नसेल तर रद्द करून पैसे परत मिळतात, फार तर झालेल्या दिवसांचे वजा होतील. एखादा कॉल-आउट झाला असेल तर परतावा विसरा. १४ दिवसांनंतर प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, आणि रद्द करण्याची फी जवळपास सगळीकडे.

वयस्क माणसांच्या बाबतीत मात्र नुसत्या फोनवर थांबू नये. सत्तरच्या दशकात आलेली आपली कितीतरी मंडळी आजही चेक पाठवून किंवा जुन्या डायरेक्ट डेबिटने वीस-वीस वर्षांची मेंबरशिप चालवतात, इंटरनेटवरचा भाव त्यांनी कधी बघितलेलाच नसतो. अशा वेळी भाव कमी करून घ्या आणि शिवाय लेखी तक्रार करा. भावावर मर्यादा नसली तरी ३१ जुलै २०२३ पासून लागू झालेली कन्झ्युमर ड्यूटी, म्हणजे ग्राहकाचं हित बघायची एफसीएची सक्ती, या कव्हरलाही लागू आहे: दिलेल्या पैशाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे, आणि हतबल गिऱ्हाइकाकडे जास्त लक्ष दिलं पाहिजे. तक्रारीत दरवर्षीची रक्कम, त्या वर्षातले कॉल-आउट आणि आजचा नव्या गिऱ्हाइकाचा भाव एवढंच मांडा, रागाची विशेषणं नकोत. गेल्या वर्षांच्या रकमा तुमच्याकडे नसतील तर कंपनीकडेच मागा, तुमच्या नावाची माहिती त्यांना एका महिन्यात फुकट द्यावी लागते. अंतिम उत्तराला कंपनीकडे आठ आठवडे असतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं, त्याला फी नाही. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जायचं. आई-वडिलांच्या वतीने मुलगा-मुलगी तक्रार करू शकतात, त्यांची सही असलेलं संमतिपत्र फॉर्मसोबत जोडावं लागतं.